फोर्ट मायर्सला घर घेतलंत, तर आधी एवढं करा

अभिनंदन! पण फ्लोरिडाचा हा किनारा चक्रीवादळांचा, म्हणून पडदे, रंग मागाहून बघा. आधी ली काउंटीच्या नकाशावर आपला इव्हॅक्युएशन झोन (वादळात कोणी आधी घर सोडायचं ते ठरवणारा विभाग) शोधा. 'ए' असेल तर बाहेर पडायचा आदेश सगळ्यात आधी तुम्हालाच येणार, आणि तो आला की निघायचंच. इथे वाऱ्यापेक्षा पाण्याची धास्ती जास्त. २८ सप्टेंबर २०२२ ला 'इयन' चक्रीवादळ आलं तेव्हा फोर्ट मायर्स बीचवर समुद्र १० फुटांहून वर चढला होता.

घराच्या नेहमीच्या विम्यात पूर धरत नाहीत. सरकारी पूर विमा वेगळा घ्यावा लागतो. गृहकर्जासोबत घेतला नसेल तर आजच घ्या, कारण तो लागू व्हायला ३० दिवस जातात. टीव्हीवर वादळाचं नाव झळकल्यावर धावपळ करून काही हाती लागत नाही.

पाणी माणशी रोज एक गॅलन, निदान तीन दिवसांचं. मी आठवड्याचं ठेवते. वीज गेली की कुकर लावता येत नाही, म्हणून चिवडा, मेतकूट, शेंगदाणे, गूळ हवेत. जनरेटर गॅरेजमध्ये कधीही नको! घरापासून २० फूट लांब ठेवा, त्याच्या धुरातल्या विषारी वायूचा (कार्बन मोनॉक्साइडचा) वासही येत नाही. भारतातून आई-बाबा आलेले असले तर त्यांची औषधं आणि पासपोर्ट एकाच वॉटरप्रूफ पिशवीत, दाराजवळ.