नेपाळला अपंगत्वावर रिसर्चला जातेयस ना, मग हे वाच

अगं सगळ्यात आधी एथिक्सचं बघ, आपल्या कॉलेजच्या कमिटीची परवानगी तिकडे पुरत नाही, नेपाळ हेल्थ रिसर्च काउन्सिलची वेगळी लागते. मग वॉशिंग्टन ग्रुपचे (अपंगत्वाची आकडेवारी कशी गोळा करायची ते ठरवणारा यूएनचा गट) ६ प्रश्न पाठच कर, त्यात 'अपंग आहात का' असं कुठेच नाही, बघायला, ऐकायला, चालायला वगैरे किती त्रास होतो एवढंच, आणि एकात जरी 'खूप त्रास' किंवा 'जमतच नाही' आलं की त्या माणसाला अपंगांत मोजायचं. मी पहिल्याच घरी आजींना सोडून सुनेलाच विचारत बसले, आजी पडवीत मक्याची कणसं सोलत गप्प ऐकत होत्या, अजून वाईट वाटतं गं. ज्याचं आहे त्यालाच विचार, आणि कर्णबधिरांसाठी नेपाळी साइन लँग्वेजचा इंटरप्रिटर आधीच ठरव, घरच्यांवर भागवू नकोस.