तीन वेळचा ऑलिम्पिक विजेता पहिल्याच सामन्यात हरतो, मग सेबर हा नशिबाचा खेळ आहे का? मुलीला त्यात घालावं का?

तुम्ही लिहिलंय की तुमची बारा वर्षांची मुलगी पॅरिस ऑलिम्पिकमधले सेबरचे सामने बघून तलवारबाजीच्या मागे लागलीय. आणि तीन सुवर्णपदकं जिंकलेला हंगेरीचा आरोन सिलाज्यी तिथे पहिल्याच सामन्यात बाहेर पडलेला बघून तुमचा या खेळावरचा विश्वास उडालाय. मी मुंबईत चौदा वर्षं सेबर खेळलो, आणि आता नोकरी सांभाळून संध्याकाळी दादरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये मुलांना शिकवतो. एखादा टच, म्हणजे वार लागून मिळणारा गुण, नशिबाने जातो, हे मी मान्य करतो. पण जिंकायला पंधरा लागतात, आणि पंधरा नशिबाने जात नाहीत.

तुमचा समज कशामुळे झाला असेल ते मला कळतं. फॉइल आणि इपी या तलवारबाजीच्या दुसऱ्या दोन प्रकारांत टोक टोचावं लागतं. सेबरमध्ये कमरेच्या वर कुठेही, डोकं आणि मनगटापर्यंतचे हात धरून, पात्याचा नुसता स्पर्श झाला तरी दिवा लागतो. दोघं एकमेकांपासून चार मीटरवर उभे राहतात, पंच ‘अले’ म्हणतात आणि बऱ्याचदा दोन सेकंदांच्या आत सगळं संपलेलं असतं. एकाचा दिवा लागला की समोरच्याला आपला वार नोंदवायला १७० मिलिसेकंद मिळतात. त्यामुळे दोन्ही दिवे लागणं हे रोजचंच. तेव्हा हल्ल्याचा हक्क कोणाचा होता, म्हणजे हल्ला आधी कोणी सुरू केला, ते पंच ठरवतात. घरी बसून बघणाऱ्याला काय दिसतं? दोघं धावून आले, दोघं ओरडले, आणि गुण एकालाच मिळाला.

आता टोकियोचं उदाहरण घ्या. २४ जुलै २०२१, प्रेक्षकांविना रिकामा हॉल. उपांत्य फेरीत कोरियाचा किम जंग-ह्वान इटलीच्या लुइजी सामेलेविरुद्ध १२-६ ने पुढे होता. फक्त तीन टच हवे होते. तिथून सामेलेने सलग नऊ घेतले आणि १५-१२ ने जिंकला. तुमच्यासारखा माणूस म्हणेल, बघा, नशीब! पण तोच सामेले त्याच दिवशी अंतिम फेरीत सिलाज्यीसमोर उभा राहिला आणि १५-७ ने हरला. तशी उसळी त्याला परत घेता आली नाही, कारण समोरच्याने घेऊ दिली नाही.

सिलाज्यीच्या तिन्ही अंतिम सामन्यांचे आकडे शेजारी शेजारी ठेवा. २०१२ लंडन, इटलीचा दिएगो ओक्युत्झी, १५-८. २०१६ रिओ, अमेरिकेचा डॅरिल होमर, १५-८. मग टोकियोचा १५-७. नऊ वर्षं, तीन वेगवेगळे प्रतिस्पर्धी, आणि एकालाही दोन आकडी गुण गाठता आले नाहीत. एकाच शस्त्रात तीन वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्णं जिंकणारा तो पहिला पुरुष. मी हे आकडे हॉलच्या फळ्यावर लिहून ठेवलेत, पुसू देत नाही.

त्यात तो हंगेरीचा. १९०८ पासून १९६४ पर्यंत वैयक्तिक सेबरचं ऑलिम्पिक सुवर्ण फक्त १९२० साली हंगेरीबाहेर गेलं, आणि त्या वर्षी हंगेरीला बोलावलंच नव्हतं. अलादार गेरेविच नावाचा एक खेळाडू १९३२ ते १९६० अशा सहा ऑलिम्पिकमध्ये संघासोबत सुवर्ण जिंकत राहिला, शेवटचं पन्नाशीत. पुढे तो दबदबा ओसरला. १९९२ ला बेन्स साबो जिंकला, त्यानंतर वीस वर्षं वैयक्तिक सुवर्ण नाही. आपल्याकडे एखाद्या घराण्यात गायला बसणाऱ्या मुलावर जे ओझं असतं, ते सिलाज्यीवर होतं. अठराव्या वर्षी तो बीजिंगला खेळला तेव्हा पदकाच्या आसपासही नव्हता. चार वर्षांनी लंडनमध्ये जिंकला.

तो मानसशास्त्र शिकलेला आहे, आणि मला वाटतं ते त्याच्या खेळात दिसतं. दोन टचच्या मधल्या वेळात दिसतं. गुण गेला की रेषेवर परत चालत यावं लागतं. तेवढी सात-आठ पावलंच तुमची असतात. माझ्याकडे तेरा वर्षांची एक मुलगी आहे, हात विजेसारखा. पण टच गेला की ती पळतच रेषेवर येते, मास्कही नीट करत नाही, आणि लगेच तोच हल्ला परत करते. समोरची मुलगी वाटच बघत असते. गेल्या पावसाळ्यात मी तिला एकच काम दिलं: टच गेला की मास्क वर कर, वायर मागे नीट सोड, श्वास घे, मग ये. दोन महिने तिला हे जमेना. जमलं तेव्हा एका सराव सामन्यात ९-१३ वरून तिने १५-१४ केलं. हात तोच होता. आता सिलाज्यीकडे बघा. गुण गेल्यावरची त्याची चाल आणि गुण मिळाल्यावरची चाल यांत मला फरक सापडत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याचं मागे जाणं. सेबरमध्ये सगळ्यांना पुढे धावायचं असतं. तो मागे जातो, समोरच्याचा वार वितभर तोकडा पडेल एवढंच अंतर ठेवतो, आणि वार हवेत गेला की त्याच क्षणी हल्ल्याचा हक्क त्याचा होतो. हे पायांचं काम आहे. वर्षानुवर्षं, कंटाळा येईपर्यंत केलेलं. याला नशीब म्हटलेलं मला सहन होत नाही, म्हणून एवढं लिहितोय.

आणि पॅरिस. २७ जुलै २०२४ ला ग्रां पालेमध्ये कॅनडाच्या फारेस आर्फाने त्याला हरवलं. आर्फा चांगला खेळला, म्हणून जिंकला. पण बातम्या तिथेच थांबल्या. चार दिवसांनी, ३१ जुलैला, तोच सिलाज्यी हंगेरीच्या संघातून खेळला आणि रौप्य घेऊन गेला, अंतिम फेरीत कोरियाकडून ४५-४१ ने हरून. वयाच्या चौतिसाव्या वर्षी, सगळ्या जगासमोर पहिल्या फेरीत हरल्यावर, बाकीच्या तिघांसाठी परत पट्टीवर, म्हणजे सामन्याच्या लांबट जागेवर, उभं राहणं मला त्याच्या सुवर्णांइतकंच मोठं वाटतं.

आता तुमच्या मुलीबद्दल. बारा हे वय उशिराचं नाही. आपली भवानी देवी शाळेत असताना चेन्नईत तलवारबाजीकडे वळली, सुरुवातीला बांबूच्या काठ्यांनी सराव केला. पहिल्याच आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तीन मिनिटं उशीर झाला म्हणून काळं कार्ड मिळून बाहेर पडली. पुढे केरळात थलश्शेरीला सागर लागू सरांकडे घडली, मग इटलीत शिकली. टोकियोत ती ऑलिम्पिक खेळणारी पहिली भारतीय तलवारबाज ठरली. पहिला सामना १५-३ ने जिंकला, दुसरा फ्रान्सच्या मानों ब्रुनेविरुद्ध ७-१५ ने हरली. २०२३ च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिने तेव्हाच्या जगज्जेत्या मिसाकी एमुराला हरवून कांस्य आणलं. त्या दिवशी आमच्या हॉलमध्ये पेढे वाटले होते.

मुंबईत काय सोसावं लागेल तेही सांगतो. जागा कमी. पट्टी चौदा मीटरची लागते. आमच्या हॉलमध्ये ती तिरकी घातली तरच बसते, आणि बॅडमिंटनवाले आले की गुंडाळावी लागते. किटबॅग घेऊन संध्याकाळच्या लोकलमध्ये चढणं हा वेगळा व्यायाम. स्टेशनवर पोलीस बॅग उघडायला लावतात, तेव्हा क्लबचं ओळखपत्र वरच्या कप्प्यात ठेवायचं आणि हसून मास्क दाखवायचा. एकदा दादरला एका हवालदारकाकांनी सेबर हातात घेऊन तोलून पाहिली आणि म्हणाले, “एवढी हलकी?” अर्धा किलोपेक्षा जड चालतच नाही, म्हटलं.

पण खरा शत्रू आपली दमट हवा. सेबरचं जॅकेट, ज्याला आम्ही लामे म्हणतो, त्यात धातूचे धागे असतात. घामातल्या मिठाने ते काळे पडतात आणि त्या जागी स्पर्श नोंदवला जात नाही. मग पंच तपासणीत जॅकेट बाद करतात. राज्य स्पर्धेत माझं एकदा असंच झालं होतं, उजव्या काखेखाली. घरी आल्याबरोबर जॅकेट बॅगेतून काढून पंख्याखाली टांगायचं, अधूनमधून कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवायचं, पिळायचं नाही. पात्यावर जुलैमध्ये दोन दिवसांत गंज चढतो, बारीक पॉलिश पेपरने पुसायचा. हे काम पहिल्या दिवसापासून मुलीलाच करू द्या. आणि पहिले सहा महिने काही विकत घेऊ नका, क्लबचं सामान वापरा.

सुरुवात करण्याआधी तिच्यासोबत बसून टोकियोचे ते दोन सामने बघा, किम-सामेलेचा आणि नंतरचा अंतिम. दुसऱ्यांदा बघताना आवाज बंद करा आणि तिला सांगा, दिव्यांकडे बघायचं नाही, फक्त पायांकडे. प्रत्येक टचला कोण आधी थांबलं ते तिला वहीत लिहू दे. मग ती वही घेऊन हॉलवर या.