पूररेषेचा नकाशा शिळा झालाय, ताजा कोण करणार?

प्रश्न : सर, आम्ही सिंहगड रोडला नदीच्या बाजूला राहतो. २०२४ च्या जुलैत पार्किंग बुडालं, खालच्या मजल्यावरच्यांचं तर सगळंच गेलं. धरणातून सोडलेलं पाणी निळ्या रेषेच्या आकड्यापेक्षा बरंच कमी होतं म्हणे. मग नकाशा चुकलाय का? आणि नवा करायचा तर पैसे कोणी द्यायचे? एका ऑफिसात गेलं की दुसरीकडे पाठवतात, तिथून परत पहिल्याकडे. – सोसायटीचे सेक्रेटरी, पुणे

उत्तर : चुकलाय म्हणण्यापेक्षा शिळा झालाय. मुठेची निळी रेषा, म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, ६० हजार क्युसेकला (सेकंदाला तेवढे घनफूट पाणी) धरलीय आणि लाल, म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, १ लाखाला, आणि २५ जुलैला खडकवासल्यातून सुटलं होतं सुमारे ३५ हजार. आता धरणाच्या खाली पडलेल्या पावसाचं, ओढ्यानाल्यांचं पाणी वेगळं, ते त्यात धरायलाच हवं. पण तुमच्या पायऱ्या बुडतात त्या क्युसेकने नाही, पातळीने. पात्रात राडारोडा पडला, भराव झाले, पूल झाले की तेवढंच पाणी जास्त उंच चढतं. घरातलीच गोष्ट घ्या, पातेल्यात आधी चार बटाटे टाका आणि मग तांब्याभर पाणी ओता. नकाशा काढला तेव्हा बटाटे नव्हते, एवढंच.

म्हणून रेषा ताजी ठेवायची तर पात्राचे आडवे छेद, म्हणजे या काठापासून त्या काठापर्यंत तळ कुठे किती खोल आहे ते, परत परत मोजावे लागतात. हे काम मी स्वतः केलंय, गुडघाभर गाळात स्टाफ, म्हणजे मोजणीची खुणांची काठी, धरून उभं राहायचं आणि काठावरून लोक विचारणार, काय साहेब, पूल होतोय का इथे? आता ड्रोन आणि लायडार (लेझरने जमिनीची उंची मोजणारं यंत्र) आलेत, काम सोपं झालंय, पण पाण्याखालचा भाग साध्या लायडारला दिसत नाही, तिथे अजूनही उतरावंच लागतं.

आता हे कोणाचं काम. पाणी हा आपल्याकडे राज्याचा विषय. रेषा ठरवणार जलसंपदा, ती डीपीवर, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यावर, उतरवणार महापालिका, परवानगी देणार तिचाच बांधकाम विभाग, सर्व्हे नंबर जुळवणार भूमी अभिलेख, पावसाचे आकडे हवामान खात्याकडे. प्रत्येकाकडे नकाशाचा एकेक तुकडा आहे आणि नकाशा शिळा झाला म्हणून झोप कोणाचीच उडत नाही. केंद्राने १९७५ मध्येच पूरक्षेत्राच्या कायद्याचा नमुना सगळ्या राज्यांना पाठवला होता. मणिपूर, राजस्थान, उत्तराखंड अशा मोजक्यांनी कायदा केला, तिथेही प्रत्यक्ष आखणी रखडलीच. आपण १९८९ पासून परिपत्रकावर चाललोय.

पैशाचं म्हणाल तर पैसे अगदीच नाहीत असं नाही, ते यायची वेळ चुकते. पूर आला की आपत्ती प्रतिसाद निधी उघडतो, त्यात ७५ टक्के केंद्राचे, २५ राज्याचे, आणि पंचनामे होऊन मदत वाटली जाते. ते हवंच. पण १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २६ साठी आपत्तीच्या पैशातले २० टक्के वेगळे काढून सौम्यीकरण निधी, म्हणजे संकट यायच्या आधीच नुकसान कमी करायचा निधी, केला होता, सगळ्या राज्यांचे मिळून ३२,०३१ कोटी. केंद्राची पूर व्यवस्थापनाची योजना आहे ती वेगळी, त्याच पाच वर्षांसाठी ४,१०० कोटी, पण तिचा भर बांध आणि काठाची धूप थांबवण्यावर. बांधाचं उद्घाटन करता येतं हो, आडव्या छेदाचं कसं करणार? माझं मत विचाराल तर एकदाच मोठं टेंडर काढून नकाशा करण्यापेक्षा दरवर्षी पावसाळ्यानंतर मोजणीला थोडी पण ठरलेली रक्कम हवी आणि सही करणारा अधिकारी एकच हवा. तुम्ही सोसायटीतर्फे माहितीच्या अधिकारात एवढंच मागा की तुमच्या भागातले छेद शेवटचे कधी मोजले. तारीख मिळाली की निम्मं भांडण तिथेच जिंकलात.

प्रश्न : लेक ह्यूस्टनला घर घेतेय. एजंट म्हणतो पुराच्या झोनमध्ये नाही, काळजी नको. तिकडचे नकाशे तरी बरे असतील ना? – एक आई, ठाणे

उत्तर : व्यवस्था आपल्यापेक्षा बरीच नीट आहे. १९६८ चा कायदा आहे, फेमा नावाची एकच केंद्रीय संस्था नकाशांना जबाबदार आहे, नकाशा बदलायची गरज आहे का हे दर पाच वर्षांनी बघावं लागतं, पूरविम्यावरच्या फीमधून थोडा पैसा मोजणीला येतो आणि स्थानिक संस्थांना भागीदार करून घेतात. तरी २०१७ च्या हार्वी वादळात ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत दीड लाखावर घरांत पाणी शिरलं आणि त्यातली दोन तृतीयांशाहून जास्त घरं ‘शंभर वर्षांच्या’ रेषेच्या बाहेरची होती. तेव्हा एजंटला म्हणावं, झोन राहू दे, हार्वीत या घरात पाणी होतं का ते सांग. आणि विमा काढायला सांगा, झोनबाहेरच्यांनाही मिळतो.

प्रश्न : कोल्हापुरात प्लॉट बघितलाय, लाल आणि निळ्या रेषेच्या मधला. घ्यावा का? – शिक्षक, कागल

उत्तर : कायद्याने बांधता येतं. निळीच्या आत मनाई, मधल्या पट्ट्यात प्लिंथ, म्हणजे घराच्या जोत्याची उंची, लाल रेषेच्या पातळीपेक्षा ४५ सेंटिमीटर वर हवी. लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा, हे ऐकून निवांत होऊ नका, त्याचा अर्थ दरवर्षी १ टक्का शक्यता, आणि तीस वर्षांचं होमलोन फिटेपर्यंत ती २६ टक्के होते. २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फूट ७ इंचांवर गेली, धोका पातळी ४३ आहे. दोनच वर्षांत ती त्याच्याही वर गेली. तुम्हाला दाखवलेल्या नकाशावरची तारीख ह्या दोन पुरांच्या आधीची असेल तर टोकन देऊ नका. आणि जाऊन शेजारच्या जुन्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, पाणी कुठवर आलतं. भिंतीवरची खूण दाखवतील, टेप घेऊन जा.