गजकर्णावर टर्बिनाफिन घ्यावी की इट्राकोनाझोल? बडोद्यात जो तो वेगळंच सांगतो.

सध्या इट्राकोनाझोलचं पारडं जड आहे. बनारस हिंदू विद्यापीठातल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठ आठवड्यांनी बरे झालेले रुग्ण असे: इट्राकोनाझोल ६६ टक्के, फ्लुकोनाझोल ४२, टर्बिनाफिन २८, ग्रिसिओफुल्विन १४. म्हणजे रामबाण एकही नाही. इट्राकोनाझोलची कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची, ॲसिडिटीच्या गोळीसोबत नाही. हार्ट फेल्युअर असलेल्यांना ती सहसा देतच नाहीत. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

आणि मेडिकलवाल्याने हातात ठेवलेली स्टेरॉइडवाली ट्यूब लावताय का? खाज दोन दिवसांत थांबते, पण चट्टा कडेकडेनं पसरत जातो. ती बंद करून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. घरात आणखी कुणी खाजवत असेल तर त्यांनाही सोबत न्या.