तालमीचे तास कोणाच्या वाट्याचे?

न्यू जर्सीतील एका वाचक भगिनींच्या यजमानांना स्थानिक मराठी मंडळाच्या दोन अंकी नाटकात मुख्य भूमिका मिळाली असून पुढील चौदा आठवडे प्रत्येक शुक्रवारची रात्र आणि रविवारची दुपार तालमींना जाणार आहे. घरात सहा आणि दोन वर्षांची मुले आहेत, त्या स्वतः एच-४ व्हिसावर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीच्या जोडीदाराला मिळणाऱ्या) असल्याने आठवडाभर घरीच असतात. नाटक सोडा असे म्हणवत नाही, पण हे असेच चालले तर जीव गुदमरेल, असे त्यांनी लिहिले आहे.

नाटक सोडायला न सांगण्याचा तुमचा विचार मला योग्य वाटतो. दिवसभर परक्या भाषेत तोलूनमापून बोलणाऱ्या माणसाचे मराठी वाक्य प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचते आणि तेथून हशा उसळतो, तेव्हा त्याला जे मिळते ते पगारातून किंवा बढतीतून मिळत नाही. १९८१ साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांच्या मध्यवर्ती संस्थेच्या, दर दोन वर्षांनी भरणाऱ्या अधिवेशनांत आणि ठिकठिकाणच्या गणेशोत्सवांत येथील कलाकारांचे जे प्रयोग होतात, ते नोकरी सांभाळणाऱ्या अशाच हौशी माणसांनी उभे केलेले असतात. या ओढीला घरात कोणीही ‘नसती थेरं’ म्हणू नये.

मात्र हिशेब मांडायचा तर पुरता मांडावा. पुण्यात किंवा नाशिकमध्ये हौशी नट तालमीला जातो, तेव्हा त्याच्यामागे बहुधा आजी-आजोबा घरात असतात, पोळ्यांना बाई येतात आणि तासभर मूल शेजारी बसले तरी कोणाला काही वाटत नाही. येथे घरात मोठी माणसे दोनच, त्यामुळे एकाच्या तालमीचा प्रत्येक तास दुसऱ्याच्या वाट्यातून निघतो. शुक्रवारचे चार आणि रविवारचे पाच तास धरले, तर चौदा आठवड्यांत ते १२६ होतात. गाडीने जाण्यायेण्याचा वेळ, नेपथ्याची उभारणी आणि रंगीत तालीम यांची त्यात गणतीच नाही. त्यातच एच-४ व्हिसावरील जोडीदाराला नोकरीची परवानगी २०१५ पासून मिळू लागली असली, तरी ती ग्रीनकार्डच्या ठराविक टप्प्यापर्यंत पोहोचलेल्या कुटुंबांपुरतीच आहे. ज्यांना ती नाही, त्यांच्यासाठी शुक्रवारची रात्र आणि शनिवार-रविवार हेच मोठ्या माणसाशी सलग चार वाक्ये बोलण्याचे दिवस असतात, आणि तालमी नेमक्या त्याच दिवसांवर येतात. तुमचा जीव गुदमरतो तो येथे, असे मला वाटते, आणि ही तक्रार मुळीच क्षुल्लक नाही.

म्हणून तुमच्या यजमानांना माझे सांगणे असे की, हे तास परत करायचे आहेत, आणि तेही त्याच आठवड्यात. प्रयोग झाला की पाहू, हे आश्वासन सहसा फळाला येत नाही, कारण पडदा पडल्यावर महिन्याभरात पुढच्या संहितेचे वाचन सुरू होते. शनिवारी दुपारी दोनपासून रात्रीपर्यंतचा वेळ संपूर्णपणे तुमचा असावा. गाडीची किल्ली तुमच्याकडे राहावी, आणि मुलांचे जेवण, आंघोळ, झोप हे सारे त्यांनी करावे. त्याला त्यांनी ‘मदत’ म्हणू नये आणि डबा कुठे ठेवला आहे हे विचारायला फोनही करू नये. तुम्ही त्या वेळात कुठे गेलात, काय केलेत, याचा हिशेब देण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट दिग्दर्शकांच्या हाती आहे. अनेक हौशी संचांत प्रत्येक तालमीला सर्वांना बोलावण्याची पद्धत असते, आणि ज्यांचा प्रवेश नाही अशी माणसे कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये तीन तास चहा पीत बसतात. प्रवेशवार वेळापत्रक आधी लिहून मागावे. मुख्य भूमिकेतील नटाने ते मागितले तर दिग्दर्शकही गांभीर्याने घेतात, आणि लहान मुलांच्या इतर आई-वडिलांचीही त्यात सोय होते. शेवटी शेवटी शनिवारी सकाळी दहा ते दोन अशी जादा तालीम ठरवण्याचा मोह होतो. पण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळी वेळ चालू असताना हे तास भारतात संध्याकाळी साडेसात ते रात्री साडेअकराचे असतात, म्हणजे आई-वडिलांशी निवांत बोलण्याची वेळ तीत जाते. आठवडाभर त्या फोनची वाट पाहणाऱ्या वृद्धांचाही या वेळापत्रकावर हक्क आहे.

नोकरीबद्दल थोडेच लिहितो, पण ते महत्त्वाचे आहे. तुम्ही एच-४ वर आहात, म्हणजे तुमचे यजमान बहुधा एच-१बी या, कंपनीने प्रायोजित केलेल्या नोकरीच्या व्हिसावर असतील; त्यावर नोकरी गेल्यानंतर मिळणारी सवलत जास्तीत जास्त ६० दिवसांची असते, म्हणून प्रयोगाच्या आठवड्याची रजा आजच मागून ठेवावी, ऐन वेळी आजारपणाचे कारण पुढे करू नये. या व्हिसावरील व्यक्तीला प्रायोजक कंपनीबाहेर मोबदला घेऊन काम करता येत नाही; तेव्हा मंडळाने कौतुकाने मानधन देऊ केले तरी ते नम्रपणे नाकारावे.

प्रयोगानंतरच्या आठवड्यात घरात विचित्र पोकळी जाणवेल. यजमान गप्प किंवा चिडचिडे होतील, आणि त्याच दिवसांत कोणीतरी पुढच्या नाटकाचा विषय काढील. तेव्हा लगेच होकार देऊ नये, एवढे दोघांनी आताच ठरवून ठेवावे. धाकटे मूल शाळेत जाईपर्यंतची पुढील दोन-तीन वर्षे एखादी एकांकिका, प्रकाशयोजना किंवा पार्श्वसंगीत यांवर भागवता येईल, कारण ती कामे बरीचशी अखेरच्या काही तालमींतच आटोपतात.

हे उत्तर दोघांनी एकत्र बसून वाचावे आणि पहिल्या वाचनापूर्वी दिग्दर्शकांना फोन करावा. सगळ्यांच्या तारखा एकदा पक्क्या झाल्या, की एकट्याला त्या बदलून मागणे जड जाते.