हक्कसोड पत्रावर सही करावी का?

प्रश्न : माझे माहेर यावल तालुक्यात असून माझे लग्न 1991 साली झाले. वडील 2003 मध्ये वारले. शेत वडिलोपार्जित, विहीर-बागायती असून त्यात केळी असते. मागे आई, दोन भाऊ आणि आम्ही दोघी बहिणी आहोत. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेले असता भावांनी हक्कसोड पत्राचा कागद पुढे केला. ‘1994 च्या आधी लग्न झालेल्या मुलींना हक्क नाही, सही फक्त वारस लावण्यापुरती आहे,’ असे ते म्हणतात. लग्नातला खर्च हाच माझा वाटा, असे चुलत्यांचे म्हणणे आहे. मला भावांशी वैर नको, पण सही करायला मन घेत नाही. काय करावे?
— एक वाचक भगिनी, जळगाव जिल्हा

उत्तर : ताई, सध्या सही करू नका. वारस नोंदीसाठी हक्कसोड पत्र लागत नाही. मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची माहिती देऊन तलाठ्याकडे अर्ज केला की आई, भाऊ आणि बहिणी अशी सर्वांची नावे फेरफाराने (म्हणजे मालकीतील बदलाच्या नोंदीने) सातबाऱ्यावर लागू शकतात. हक्कसोड पत्र मात्र दुय्यम निबंधकांसमोर नोंदवले जाते, तिथे तुमचा फोटो व अंगठा घेतला जातो, आणि एकदा नोंदवलेला दस्त रद्द करून घेण्यासाठी न्यायालयात जाऊन फसवणूक किंवा दबाव सिद्ध करावा लागतो.

1994 ची गोष्ट भावांनी कुठून तरी अर्धी ऐकलेली दिसते. महाराष्ट्राने त्या वर्षी वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळले, हे खरे आहे. तथापि 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झालेल्या, हिंदू वारसा कायद्यातील केंद्राच्या दुरुस्तीने हा भेद ठेवला नाही, आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केले. शेताची रीतसर वाटणी किंवा विक्री त्या दुरुस्तीत ठरवलेल्या 20 डिसेंबर 2004 या तारखेपूर्वीच झाली असेल, किंवा वडिलांनी मृत्युपत्र केले असेल, तर हिशेब बदलू शकतो. मात्र ‘तोंडी वाटण्या झाल्या होत्या’ एवढे म्हणणे सहसा पुरेसे ठरत नाही. यातले काही नसेल, तर आई धरून तुम्हा पाचही जणांचा हिस्सा समान आहे. आईच्या हिश्शाचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण अशा बैठकीत तिला कोणी विचारतच नाही.

लग्नाच्या खर्चाबद्दल चुलत्यांना एवढेच विचारावे, की भावांच्या लग्नात झालेला खर्च त्यांच्या हिश्शातून वजा केला आहे काय. लग्नात खर्च झाला म्हणून वारसाहक्क जात नाही.

आपल्या खान्देशात निंदणी आणि कापूस वेचणी प्रामुख्याने बायाच करतात, केळीच्या बागेतही त्यांचे हात असतात. पण वादळाने केळी आडवी झाली की नुकसानभरपाई खातेदाराच्या नावे येते, आणि विकास सोसायटीचे पीककर्जही त्यालाच मिळते. ज्या बाईचे नाव उताऱ्यावर नाही, ती आयुष्यभर राबूनही सरकारी कागदावर शेतकरी ठरत नाही. नवरा गेला किंवा त्याने टाकले, तर तिला सासरी जागा उरत नाही, आणि माहेरी परतावे तर तिथला हक्क तिने एका आखाजीला सोडून दिलेला असतो. ज्या सणाला लेकीला आणायला मुराळी पाठवतात, त्याच सणात तिच्यापुढे असा कागद ठेवावा, याचे मला फार वाईट वाटते.

वैराची भीती मी हलकी मानत नाही, कारण माहेर तुटले तर बाईच्या मागे कोण उभे राहील, हा प्रश्न खरा आहे. पण हिस्सा मागणाऱ्या बहिणीला वैरीण म्हणायचे आणि तिला न विचारता तो घेणाऱ्या भावाला काहीच म्हणायचे नाही, ही रीत अन्यायाची आहे आणि ती बदलायलाच हवी. भावांपुढे हे स्पष्ट मांडा, की तुम्ही नाव लावायला सांगत आहात, जमिनीचा तुकडा पाडायला नाही. सामाईक खात्यावर सर्वांची नावे ठेवून कसणे भावांकडे राहू शकते आणि उत्पन्नातला वाटा किंवा हिश्शाचे मूल्य आपसात ठरवता येते. ‘जमीन परक्या घरी जाईल,’ असे ते म्हणाले, तर सांगा की मिळालेला हिस्सा केवळ तुमचा असतो, त्यावर जावयाचा अधिकार नसतो. उद्या विचारपूर्वक, स्वखुशीने भावांना काही द्यावेसे वाटले, तर तेव्हा अवश्य द्या.

तुमच्या माघारी फेरफार धरला गेल्याचे कळले, तर नोटिशीच्या मुदतीत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. वकिलाचा खर्च पेलणार नसेल, तर जळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. तिथे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते.