सेल्फ फिरतो, पण गाडी पकडत नाही

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी आहे, इंजेक्शनवाली, बऱ्यापैकी जुनी. सकाळी पहिल्या सेल्फला चालू होते, काही तक्रार नाही. पण चालवून आल्यावर दहा-पंधरा मिनिटं कुठे थांबलो आणि परत चावी फिरवली की सेल्फ जोरात फिरतो, इंजिन मात्र पकडतच नाही. अर्धा-पाऊण तास गेला की काही झालंच नव्हतं अशी चालू. रोज होत नाही हा खरा त्रास, गॅरेजमध्ये नेली की तिथे बरोबर चालते. बॅटरी बदलली, प्लग बदलले, मग पेट्रोल पंप बदलला, आता फिटर म्हणतो ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) बदलू. बदलू का?

उत्तर : नका बदलू. निदान आत्ता तरी नको. ईसीएम हा शेवटचा संशयित असतो आणि तुमच्या गाडीची तर अजून चौकशीच झालेली नाही, नुसते पार्ट बदललेत. जो बिघाड कधी येतो कधी जातो तो गाडी चांगली चालू असताना सापडत नाही, गॅरेजमध्ये उभी करून तर नाहीच नाही. गाडी पकडत नाही ती जी पाच मिनिटं असतात ना, त्यातच सगळी माहिती असते आणि नेमकं त्याच वेळी आपण वैतागून परत परत सेल्फ मारत बसतो.

तर पुढच्या वेळी असं झालं की आधी सेल्फ मारणं थांबवा आणि नुसती चावी ऑन करून कान द्या. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत चावी ऑन केल्यावर टाकीच्या बाजूने, म्हणजे मागच्या सीटखालून, दोनेक सेकंद बारीक गुंईं असा आवाज येतो आणि बंद होतो, तो पंप प्रेशर भरत असतो. आवाज आला तर पंपाला करंट मिळतोय एवढं नक्की, प्रेशर पुरेसं आहे की नाही हे मात्र गेज लावल्याशिवाय कळत नाही. आवाज आलाच नाही तर पंपाच्या आधी त्याचा रिले (पंपाचा करंट चालू-बंद करणारी छोटी डबी) आणि फ्यूज बघा, रिलेच्या आतल्या सोल्डरला बारीक तडा गेला असेल तर तोही गरम झाल्यावर सोडतो आणि थंड झाल्यावर धरतो, त्यामुळे चांगले पंप उगाच बदलले जातात.

मग मीटरकडे बघा. चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह असलेला इमोबिलायझरचा दिवा लुकलुकत असेल तर गाडीने चावी ओळखलेली नाही, दुसरी चावी लावून बघा. तो दिवा नेहमीसारखा विझला असेल तर आता सेल्फ मारा आणि डोळे आरपीएमच्या काट्यावर ठेवा. सेल्फ फिरताना इंजिन साधारण दोन-अडीचशे आरपीएमने फिरत असतं, आणि बऱ्याच गाड्यांत काटा तेवढ्यालाही शून्यावरून किंचित उचलतो. किंचित म्हणजे काट्याच्या जाडीएवढाच, मुद्दाम बघितल्याशिवाय दिसणार नाही. सगळ्याच गाड्यांत उचलतो असं नाही, म्हणून सकाळी गाडी नीट चालू होते तेव्हाच आधी बघून ठेवा की तुमचा काटा काय करतो. सकाळी हलतो आणि बिघडल्यावर सेल्फ फिरत असूनही शून्यावर मेल्यासारखा पडून राहतो, तर माझा पहिला संशय क्रँक सेन्सरवर.

तुमची लक्षणं वाचूनच माझ्या मनात तो आला होता. हा सेन्सर फ्लायव्हीलजवळ किंवा पुढे क्रँक पुलीजवळ बसवलेला असतो, इंजिन फिरतंय आणि पिस्टन नेमका कुठे आहे हे ईसीएमला तोच सांगतो. त्याचा सिग्नल गेला की ईसीएमच्या दृष्टीने इंजिन थांबलेलंच आहे, मग तो प्लगला करंट देत नाही, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर उघडत नाही आणि बऱ्याच गाड्यांत पंपही बंद ठेवतो. आणि दहा-पंधरा मिनिटांनीच का होतं? कारण गाडी बंद केली की पाणी फिरायचं थांबतं, समोरून येणारी हवाही थांबते, आणि इंजिनची सगळी उष्णता बाजूच्या पार्टमध्ये मुरत जाते, म्हणजे बंद केल्यानंतर थोडा वेळ बॉनेटखाली उलट जास्तच तापतं. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेची कॉइल असते, तिला आत चीर असेल तर तापून ताण आला की तार तुटते आणि थंड झाल्यावर परत जुळते. अर्धा-पाऊण तासाचा हिशोब इथे बसतो.

खात्री करायची तर स्कॅनर (ईसीएममधली माहिती दाखवणारं यंत्र) लावून लाइव्ह डेटात आरपीएम बघायला सांगा, पण गाडी बिघडलेली असताना. कानाला इंजिन फिरताना ऐकू येतंय आणि स्क्रीनवर आरपीएम शून्य, म्हणजे सेन्सर, त्याचा कपलर (वायर जोडायचा सॉकेट) किंवा त्याची वायर यातलंच काहीतरी. फॉल्ट कोड पी०३३५ आला तर उत्तम, पण कोड नाही म्हणजे सेन्सर चांगला असं कुणी म्हटलं तर मान्य करू नका, बऱ्याचदा कोड पडतच नाही कारण ईसीएमला वाटतं इंजिन मुळात फिरलंच नाही. आणि सेन्सर बदलायच्या आधी कपलर काढून बघा, आत ऑइल गेलंय का, पिना हिरव्या पडल्यात का, लॉक तुटून सैल झालाय का, वायर कुठे घासून उघडी पडलीय का. सेन्सर हाताला येण्यासारखा असेल तर चावी काढून, भाजणार नाही एवढं सांभाळून, ओलं थंड फडकं त्यावर ठेवा आणि लगेच परत सेल्फ मारून बघा. नुसता वेळ गेल्यामुळे चालू झाली की तो थंड झाल्यामुळे, हे त्यातून बरंच कळतं.

काटा मात्र हलतोय आणि बॉनेट उघडल्यावर किंवा सायलेन्सरजवळ पेट्रोलचा वास येतोय, तर गोष्ट वेगळी आहे. मग बहुतेक एखादा इंजेक्टर गाडी बंद असताना गळतोय आणि इंजिन पेट्रोलने ओलं झालंय. अशा वेळी ॲक्सिलरेटर पूर्ण तळापर्यंत दाबून धरा आणि सेल्फ मारा, बहुतेक गाड्यांत त्यामुळे सेल्फपुरते इंजेक्टर बंद राहतात आणि आतलं जास्तीचं पेट्रोल निघून जातं. तशी चालू झाली, सुरुवातीला थोडी फडफडली, काळा धूर मारला, तर इंजेक्टर तपासायला द्या.

इंजिनला पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर खोटं बोलत असेल तरी चालू होताना असाच गोंधळ होतो. याची तपासणी सोपी आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी स्कॅनरवर पाण्याचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं.

अजून एक, सेल्फ मारत असताना पकडत नाही आणि चावी सोडली की त्या क्षणी भुर्रकन चालू होते असं कधी झालंय का? झालं असेल तर इग्निशन स्विच बघा, आतले पॉइंट झिजले की सेल्फच्या पोझिशनला इग्निशनचा करंट तुटतो.

बॅटरी तुम्ही बदललीच आहे, पण टर्मिनल आणि बॉडीची अर्थिंग पट्टी घासून घट्ट केलीय का ते विचारा. पूर्ण चार्ज बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास असते, सेल्फ फिरताना ती १० च्या खाली जायला लागली तर सेल्फ फिरेल पण ईसीएमला करंट अपुरा पडू शकतो.

दोन गोष्टी करू नका. एक, प्लगची वायर काढून हातात धरून स्पार्क बघणं, कॉइलमधून हजारो व्होल्ट निघतात आणि त्याने माणसाला आणि ईसीएमला दोघांनाही धोका असतो, स्पार्क टेस्टर मिळतो तो वापरा. दुसरं, सलग सेल्फ. एका वेळी दहा सेकंदांच्या वर नको आणि मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा, नाहीतर स्टार्टर जळेल. सेल्फ अचानक नेहमीपेक्षा हलका, सरसर फिरायला लागला तर लगेच थांबा, टायमिंग बेल्ट तुटलेला असू शकतो आणि पुढे फिरवलं तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह वाकू शकतात.

आणि हीच गाडी चालता चालता एकदा जरी बंद पडली असेल तर ती तशीच वापरू नका. इंजिन बंद झालं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकची मदत एक-दोन दाबात संपते.

प्रश्न : डिझेल गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी खूप सेल्फ मारावा लागतो, एकदा चालू झाली की दिवसभर ठीक. हीटर प्लग बदलले, फरक नाही.

उत्तर : डिझेल लाइनमध्ये एअर धरतेय का ते आधी बघा. रात्री कुठल्यातरी सैल जॉइंटमधून हवा आत शिरते आणि डिझेल टाकीकडे उतरतं, सकाळी पंपाला ते परत ओढून आणावं लागतं. फिल्टरवर हँड पंप असेल तर सकाळी सेल्फच्या आधी तो कडक होईपर्यंत दाबा. त्यानंतर गाडी लगेच चालू झाली तर हवा येतेय हे जवळपास पक्कं, मग फिल्टरचं सील, क्लिपा आणि रबर पाइप एकेक करून बघा, फिल्टरजवळ थोडा पारदर्शक पाइप टाकला तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. हँड पंप मारूनही फरक पडला नाही तर कॉमन रेल गाडीत (जिथे सगळ्या इंजेक्टरना एकाच हाय प्रेशर पाइपमधून, म्हणजे रेलमधून, डिझेल मिळतं) इंजेक्टरची रिटर्न गळती मोजून घ्या, एखादा इंजेक्टर जास्त डिझेल परत सोडत असेल तर सेल्फवर रेलचं प्रेशर तयारच होत नाही. आणि चालू व्हावी म्हणून हवेच्या पाइपमध्ये स्टार्टिंग स्प्रे अजिबात मारू नका, हीटर प्लग तापलेला असताना तो तिथेच पेटतो.